धूळपाटीपासून लॅपटॉपपर्यंत : स्वस्त पाटीचा जमाखर्च

(मुखेड येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी प्रश्नोत्तरांचा निवडक भाग दिला आहे.)



इतिहासाच्या व्याख्यानात लॅपटॉप कुठून आला, असा प्रश्न काहींना पडला असेल. लहान, स्वस्त लॅपटॉपचा इतिहास तो केवढा, जेमतेम वीस वर्षांचा. पण लेकराच्या हातात मावेल, आईबापाला परवडेल आणि त्या लेकराची एकट्याची असेल, अशी शिकण्याची वस्तू शोधण्याचा खटाटोप फार जुना आहे. त्या खटाटोपातला लॅपटॉप हा सगळ्यात अलीकडचा मुक्काम. म्हणून आज आपण त्याच्याकडं इतिहास म्हणून बघू.

आणि हा इतिहास नुसता ऐकून सोडायचा नाही. दहावी-बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते. पंधरा-सोळा हजारांत छोटा लॅपटॉप मिळतोय, घ्यावा का? एका हंगामाच्या मजुरीतून किंवा सोयाबीनच्या पट्टीतून एवढे पैसे बाजूला काढणं म्हणजे घरातलं दुसरं काहीतरी थांबवणं असतं. दुकानदार सांगेल ती बाजू आपल्याला पाठ आहे. दुसरी बाजू इतिहासाला विचारावी लागते.

वाळूत गिरवलेली अक्षरं

पंतोजीच्या शाळेत लाकडी फळीवर धूळ किंवा बारीक वाळू पसरायची आणि बोटानं नाहीतर काडीनं अक्षर गिरवायचं. ती धूळपाटी, आणि ती अक्षरं म्हणजे धुळाक्षरं. किंमत शून्य. चुकलं तर हात फिरवला की पाटी कोरी. फुटायची भीती नाही, चोरीला जायची नाही. स्वस्तपणात तिला आजपर्यंत कुणी हरवलेलं नाही.

आता गंमत बघा. अठराव्या शतकाच्या शेवटी मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेत अँड्र्यू बेल नावाचा एक स्कॉटिश पाद्री अधीक्षक होता. त्यानं मलबारी मुलांना वाळूत अक्षरं गिरवताना पाहिलं आणि आपल्या शाळेत तीच रीत सुरू केली. शिक्षक कमी होते, म्हणून पुढं गेलेल्या मुलानं मागच्या मुलांना शिकवायचं अशी व्यवस्था लावली. १७९७ साली लंडनमध्ये त्यानं या प्रयोगाचा वृत्तांत छापला. पुढं जोसेफ लँकेस्टर आणि बेल या दोघांच्या नावानं ही पद्धत इंग्लंडभर पसरली आणि तिथली गरीब लेकरंही वाळूच्या ताटात अक्षरं काढायला लागली. म्हणजे शिक्षणाचं स्वस्त साधन एकेकाळी इथून तिकडं गेलं होतं.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा, ती आज आपल्याला पुन्हा पुन्हा लागणार आहे. इंग्लंडला नुसती वाळू गेली नाही. वाळू तिथं होतीच की. वाळूबरोबर शिकवण्याची एक पद्धत गेली. कोणी कोणाला शिकवायचं, चूक कोणी बघायची, पुढचं अक्षर कधी द्यायचं, हे सगळं ठरलेलं होतं. साधन आणि पद्धत जोडीनं गेली, म्हणून ती टिकली.

मग आली दगडी पाटी, लाकडी चौकटीची. आपल्यातल्या पन्नाशीच्या पुढच्या सगळ्यांनी ती थुंकी लावून पुसलेली आहे. आंध्रातलं मार्कापूर हे या दगडाचं मोठं केंद्र, आणि पाटीवरच्या पेन्सिलीचं केंद्र मध्य प्रदेशातलं मंदसौर. त्या काही पैशांच्या पेन्सिलीचा हिशेब मात्र पाटीवर कधी लिहिला गेला नाही. दगड कापताना उडणाऱ्या धुळीनं मंदसौरच्या कामगारांना सिलिकोसिस झाला. फुप्फुसं दगडासारखी होतात त्यात. ऐन तारुण्यात माणसं गेली. वस्तू स्वस्त असते तेव्हा तिची उरलेली किंमत दुसरीकडं कुणीतरी भरत असतं, हा या इतिहासातला दुसरा धडा.

तिसरा धडा आपल्या मराठवाड्याचा. निजामाच्या राज्यात वरच्या शिक्षणाचं माध्यम उर्दू होतं. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. देशी भाषेतलं विद्यापीठ म्हणून ते धाडसाचंच पाऊल होतं, पण घरात मराठी, तेलुगू किंवा कानडी बोलणाऱ्या लेकराला पुढं शिकायचं तर भाषा बदलावी लागायची. पाटी तुमच्या हातात असली तरी तिच्यावर कोणती लिपी उमटायची हे दुसरंच कोणीतरी ठरवतं. लॅपटॉपकडं येऊ तेव्हा हे आठवा.

कर्जतजवळची बावीस लेकरं

२००५ साली अमेरिकेतल्या एमआयटीचे निकोलस नेग्रोपाँटे यांनी घोषणा केली की जगातल्या गरीब मुलांसाठी शंभर डॉलरचा लॅपटॉप बनवू. प्रत्येक मुलाला एक. त्याच वर्षी ट्युनिसच्या जागतिक परिषदेत संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या उपस्थितीत नमुना दाखवला गेला. हिरवा रंग, बाजूला हातानं फिरवायचा दांडा, वीज नसेल तर दांडा फिरवा आणि चालवा. तो दांडा त्या कार्यक्रमातच निखळला, आणि पुढं जे यंत्र बाजारात आलं त्यात दांडा नव्हताच.

भारताला दहा लाख यंत्रं घेण्याचा प्रस्ताव होता. शंभर डॉलर म्हणजे तेव्हाचे साडेचार हजार रुपये धरले, तरी साडेचारशे कोटींचा मामला. २००६ साली केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयानं नकार दिला. त्यांचं म्हणणं असं की यामागचा शिक्षणविचारच शंकास्पद आहे, आणि आपल्याला आधी वर्गखोल्या आणि शिक्षक हवेत. त्यावर तेव्हा बरीच टीका झाली. सरकार मागासलेलं आहे, असंही म्हटलं गेलं.

तरी एक छोटा प्रयोग महाराष्ट्रात झाला. रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात खैरात नावाचं गाव आहे. तिथली जिल्हा परिषदेची शाळा, एक खोली, एक शिक्षक, पहिली ते चौथी मिळून बावीस लेकरं. २००७ साली या लेकरांच्या हातात ते हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले. या प्रकल्पाचा भारतातला पहिला प्रयोग तोच.

आता हे यंत्र नीट समजून घेऊ, कारण स्वस्त लॅपटॉपमध्ये काय चांगलं असू शकतं आणि काय वाईट, दोन्ही त्यात ठळक दिसतं. आपल्या जुन्या वहीखात्यासारखं जमा आणि नावे मांडू.

जमेची बाजू

पहिली जमा, पडदा. साडेसात इंची, पण उन्हात वाचता येणारा. आपला मोबाइल दुपारी बांधावर धरून बघा, काही दिसत नाही. एक्सओचा पडदा कडक उन्हात काळा-पांढरा होऊन छापील कागदासारखा दिसायचा. ज्यांची शाळा झाडाखाली भरते त्यांचा विचार करून कुणीतरी हा पडदा घडवला होता.

दुसरी जमा, वीज. साध्या लॅपटॉपच्या मानानं तो फारच कमी वीज खायचा. पंखा नाही, फिरणारी हार्ड डिस्क नाही, त्यामुळं धूळ आत ओढली जात नाही. आपल्याकडं ते भारनियमनाचे दिवस होते. गावाकडं दिवसातले दहा-दहा, बारा-बारा तास वीज नसायची. पिठाच्या गिरणीचं वेळापत्रक वायरमनच्या हातात असायचं. अशा दिवसांत कमी वीज खाणारं यंत्र ही मोठीच गोष्ट.

तिसरी जमा, दुरुस्ती. तो साध्या स्क्रूड्रायव्हरनं उघडायचा, आणि जादा स्क्रू त्याच्याच मुठीत ठेवलेले असायचे. सायकलच्या खोगीराखाली पाना ठेवतात तसं. वस्तू बिघडणार, आणि ती वापरणारा माणूस कारखान्यापासून लांब असणार, हे बनवणाऱ्यानं आधीच मान्य केलं होतं.

चौथी जमा, इंटरनेट नसलं तरी शेजारशेजारचे लॅपटॉप एकमेकांशी जोडले जायचे. दोन मुलं एकाच चित्रावर किंवा एकाच लिखाणावर काम करू शकायची. चार वर्गांचा एकच गुरुजी असलेल्या शाळेत याचा अर्थ काय होतो बघा. गुरुजी पहिलीला शिकवतोय तोवर तिसरी-चौथी रिकामी बसायची, ती कामाला लागते आणि एकमेकांना दाखवते. बेलच्या वाळूच्या शाळेतलीच युक्ती, दोनशे वर्षांनी बिनतारी होऊन आलेली.

पाचवी जमा मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. यंत्र मुलाचं होतं. घरी न्यायचं होतं. शाळेच्या संगणक कक्षाची किल्ली कुणाच्या खिशात असते आणि कक्ष वर्षातून कितीदा उघडतो, हे आपण सगळे जाणतो. कपाटातला संगणक सुरक्षित राहतो, पण लेकरू कोरं राहतं. आपल्या मुखेड-कंधारच्या डोंगराळ भागातून दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला, वीटभट्टीला जातात. शाळा इथं राहते, लेकरू कोपीवर जातं. जे त्याच्या दप्तरात मावतं तेवढंच त्याच्याबरोबर जातं.

नावे बाजू

आता दुसरं पान. शंभर डॉलरचा वायदा होता, २००७ च्या अखेरीला यंत्र पडलं सुमारे १८८ डॉलरला, म्हणजे तेव्हाचे साडेसात हजार रुपये. स्वस्त किंमत साधायची तर लाखांनी मागणी यायला हवी, आणि लाखांनी मागणी यायची तर किंमत स्वस्त हवी. या कोड्यात तो प्रकल्प अडकला.

यंत्र संथ होतं. २५६ एमबी रॅम, साठवणीला एक जीबी. रबरी कळफलक पाण्याधुळीला चांगला, पण तो लेकरांच्या बोटांनी फाटायचा. कळा लहान मुलांच्या मापाच्या, त्यामुळं शिक्षकाला टंकलेखन करणं त्रासाचं. आतली शुगर नावाची प्रणाली मुलांसाठी नव्यानं रचलेली, त्यात नेहमीचे फोल्डर नाहीत, नेहमीचं विंडोज नाही. कल्पना सुंदर होती, पण बाहेरच्या जगात कुठंच तसं दिसत नसल्यामुळं पालक विचारायचे, याचा पुढं उपयोग काय?

देवनागरी कळफलकाचा आराखडा त्या मंडळींनी तयार केला होता, हे खरं. पण कळा देवनागरी असल्या म्हणजे यंत्र मराठी होत नाही. मराठीत वाचायला काय आहे, खेळायला काय आहे, चौथीच्या पुस्तकाशी त्याचा सांधा कुठं आहे, याला उत्तर नव्हतं.

आणि सगळ्यात मोठी नावे नोंद अशी, की यामागच्या विचारात शिक्षकाची जागा पुसट होती. सेमूर पॅपर्ट हे या विचाराचे गुरू. मूल करून शिकतं, यंत्राला शिकवता शिकवता स्वतः शिकतं, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात तथ्य आहेच. पण त्याचं भाषांतर पुढं असं झालं, की यंत्र पोचवा, बाकीचं मुलं बघून घेतील. वाळू पाठवली, पद्धत पाठवलीच नाही.

महाराष्ट्रभर खैरातची पुनरावृत्ती झाली नाही. पण हा वाद नुसत्या मतांवर सोडायची गरज नाही. पेरू देशानं असे आठ लाखांहून जास्त लॅपटॉप वाटले. ३१९ ग्रामीण शाळांचा नीट अभ्यास झाला आणि इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेनं तो २०१२ साली प्रसिद्ध केला. लॅपटॉप मिळालेल्या आणि न मिळालेल्या शाळांची तुलना करून बघितली. गणितात आणि भाषेत फरक दिसला नाही. आकलनाच्या काही सर्वसाधारण चाचण्यांत मात्र थोडी सुधारणा दिसली. बहुतेक शाळांत इंटरनेट नव्हतं.

शेजारच्याच खंडभागात उरुग्वेनं हेच यंत्र घेतलं, पण वेगळ्या रीतीनं. देश लहान. २००९ पर्यंत सरकारी प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला, म्हणजे साडेतीन लाखांहून जास्त मुलांना, लॅपटॉप मिळाला. बरोबर शाळांना इंटरनेट दिलं आणि दुरुस्तीची व्यवस्था उभी केली, कारण यंत्रं भराभर बंद पडायला लागली होती. तरीही गुण वाढले का? नाही, तिथल्या अभ्यासांतही गणित-वाचनात वाढ सापडली नाही. पण गरिबाच्या आणि श्रीमंताच्या घरातलं संगणकाचं अंतर जवळजवळ मिटलं. आणि २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा त्या देशाकडं मुलांपर्यंत पोचण्याची वाट तयार होती.

आपल्याकडं काय होतं? मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि घरातल्या एकुलत्या एका मोबाइलवर शाळा आली. तो मोबाइल बापाबरोबर सकाळी शेतात जायचा. धाकट्याचा तास आणि थोरलीचा तास एकाच वेळी असला तर बहुतेक घरांत कोणाचा तास बुडाला, हे सांगायला नको. 'प्रत्येक मुलाला एक' ही कल्पना किती शहाणी आणि किती वेडी, यावर पंधरा वर्षं वाद झाला होता. त्या वर्षी तिच्यातला शहाणपणा आपल्याला कळला.

म्हणून २००६ चा तो नकार चूक की बरोबर, याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. शिक्षक आणि खोल्या आधी, हे बरोबरच होतं. पेरूनं ते सिद्ध केलं. पण नकारानंतर ते पैसे शिक्षक आणि खोल्यांवर त्याच जोमानं खर्च झाले असते, तर तो नकार पूर्ण बरोबर ठरला असता.

आपले स्वतःचे प्रयत्न

भारतानंही काही करून पाहिलं. बंगळुरूला भारतीय विज्ञान संस्थेतल्या काही प्राध्यापकांनी आणि एका स्थानिक कंपनीनं मिळून सिंप्युटर नावाचं हातात मावणारं यंत्र घडवलं. २००१ साली त्याचा नमुना आला. नऊ हजारांच्या आसपास किंमत ठेवायचा विचार होता, आणि एका यंत्राची किंमत गावानं वाटून घ्यावी म्हणून त्यात स्मार्ट कार्डची सोय होती. प्रत्येकानं आपलं कार्ड घालायचं, आपलं काम करायचं. कल्पना आपल्या मातीतली, पण विक्री काही हजारांच्या पुढं गेली नाही. तोवर मोबाइल गावागावांत पोचला होता.

मग २०११ साली ५ ऑक्टोबरला दिल्लीत 'आकाश' आला. लॅपटॉप नव्हे, सात इंची टॅब्लेट. सरकारी खरेदीची किंमत २,२७६ रुपये. जगभरच्या वर्तमानपत्रांत बातमी. आणि यंत्र कसं? ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, आणि बोट जोरानं दाबावं लागायचं असा पडदा. बॅटरी दोन-तीन तासांची. पुढच्या वर्षी मुंबईच्या आयआयटीच्या देखरेखीखाली सुधारलेला 'आकाश २' आला, तो बराच बरा होता. पण पहिल्या यंत्रानं विश्वास घालवला होता. स्वस्त वस्तूला दुसरी संधी मिळत नाही. महागडी गाडी बंद पडली तर आपण म्हणतो, बिघाड झाला. स्वस्त गाडी बंद पडली तर म्हणतो, स्वस्तातली होती.

मुंबईच्या आयआयटीतूनच आलेली एक साधी गोष्ट मात्र टिकली. 'स्पोकन ट्युटोरियल' नावाचे छोटे धडे. संगणकावरची मोफत सॉफ्टवेअर कशी वापरायची ते सांगणारे, मराठीसह अनेक भारतीय भाषांत आवाज दिलेले, आणि एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालणारे. यंत्र कोणतंही असो, पद्धत तयार मिळते. बेलचा धडा इथं कुणीतरी ऐकलेला दिसतो.

नेटबुक आणि मराठीची मात्रा

खैरातमध्ये एक्सओ आला त्याच वर्षी, ऑक्टोबर २००७ मध्ये, तैवानच्या असुस कंपनीनं ईई पीसी आणला. सात इंची पडदा, चार जीबी साठवण, वजन एक किलोच्या आत. गरिबाच्या मुलासाठी निघालेली कल्पना श्रीमंताच्या पिशवीत जाऊन बसली. त्याला नेटबुक म्हणायला लागले. २००८ च्या सुरुवातीला एचसीएलनं भारतात मायलीप आणला, साधारण चौदा हजारांपासून पुढं. तेव्हा बरा लॅपटॉप तीस हजारांच्या पुढं असायचा. पहिल्यांदाच शिक्षकाला, पत्रकाराला, वकिलाला वाटलं की हे आपल्याला जमेल.

पण मराठीची अडचण बघा. पडद्याची उंची ४८० बिंदू. रोमन अक्षरं एका रेषेत बसतात. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार. ओळीला जास्त उंची लागते. इंग्रजीच्या वीस ओळी मावतात तिथं मराठीच्या पंधरा. म्हणजे लहान पडदा मराठीत आणखी लहान होतो.

दुसरी गोष्ट, बहुतेक नेटबुकांवर पुढं विंडोज एक्सपी यायला लागलं. त्यात देवनागरी नीट दिसायची तर एक सोय चालू करावी लागायची, आणि ती चालू करताना यंत्र विंडोजची सीडी मागायचं. नेटबुकला सीडी घालायची जागाच नव्हती! करणाऱ्यांनी त्यातूनही वाट काढली, पेन ड्राइव्हवर फाइली आणल्या. पण किती जणांनी तोवर कंटाळून रोमन लिपीत मराठी लिहायला सुरुवात केली असेल, विचार करा. निजामाच्या काळात लिपी फर्मानानं ठरत होती. इथं फर्मान नव्हतं, नुसती एक सीडी नव्हती.

२०१० नंतर टॅब्लेट आले, मोबाइल मोठे झाले, आणि दोन-तीन वर्षांत नेटबुक हा शब्दच मावळला. कल्पना मात्र मेली नाही. २०२३ साली जिओबुक आला १६,४९९ रुपयांना, ११.६ इंची, वजन ९९० ग्रॅम, चार जीबी रॅम, ६४ जीबी साठवण. वीस वर्षांपूर्वीच्या एक्सओच्या मानानं हे आभाळाएवढं. देवनागरी आता कुठल्याही यंत्रावर पहिल्या दिवसापासून दिसते. म्हणजे लिपीची लढाई आपण जवळजवळ जिंकलो.

पण मुठीतले जादा स्क्रू गेले. आजच्या स्वस्त यंत्रांत रॅम आणि साठवण बहुधा मुख्य पाटीवरच डाग देऊन बसवलेली असते. वाढवता येत नाही, बदलता येत नाही. काही यंत्रांना तर बनवणारा अद्ययावत करणं कधी थांबवणार त्याची तारीख आधीच ठरलेली असते, औषधाच्या बाटलीसारखी. त्या तारखेनंतर यंत्र चालतं, पण सुरक्षित राहत नाही. मग ते भंगारात जातं, आणि दिल्लीच्या सीलमपूरसारख्या ठिकाणी कुणीतरी ते उघड्या हातांनी फोडत बसतं. मंदसौरची धूळ पुन्हा आठवा.

मग घ्यावा की नाही?

आता मूळ प्रश्नाकडं येतो. आज हा प्रश्न टाळता येत नाही, त्याला कारण आहे. जेईई मेन ही परीक्षा संगणकावर होते. २०१९ पासून एमएचटी-सीईटी संगणकावर होते. २०२३ ची तलाठी भरती संगणकावर झाली. लिपिकाच्या नोकरीला टंकलेखनाचं प्रमाणपत्र लागतं, आणि जुना खडखडणारा टाइपरायटर जाऊन ती परीक्षाही संगणकावर गेली. लातूरच्या शिकवण्यांत लाख रुपये भरलेला आणि मोबाइलवर सगळं आयुष्य काढलेला मुलगा परीक्षेच्या केंद्रात पहिल्यांदा माउस हातात धरतो, तेव्हा त्याची पहिली दहा मिनिटं उत्तरात जात नाहीत. गुण एका-एका प्रश्नावर ठरतात तिथं ही दहा मिनिटं महाग पडतात. आडगावच्या मुलाचं नुकसान तिथंच होतं, बुद्धीत नव्हे.

म्हणून माझं मत सांगतो. छोटा, स्वस्त लॅपटॉप ही चैन नाही. पण इतिहास सांगतो की त्याची किंमत बघताना चार प्रश्न विचारावेत. बिघडला तर तो मुखेडमध्ये उघडता येईल का, की पुण्या-हैदराबादला पाठवावा लागेल? इंटरनेट नसताना त्यावर काय काय करता येतं? कळफलकावर दोन्ही हातांची बोटं बसतात का, मराठी टंकन जमतं का? आणि चौथा, त्याच्याबरोबर रोज तासभर बसणारं कोण आहे? शिक्षक, थोरली बहीण, शेजारचा डिप्लोमावाला पोरगा, कुणीही. चौथ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर पहिले तीन विचारायची गरज नाही. धूळपाटीजवळ पंतोजी बसायचा. दगडी पाटीवर बाई बरोबरची खूण करायच्या. पाटी कधीच एकटी नव्हती.

प्रश्नोत्तरांतून

प्रश्न : सर, मोबाइलवर सगळं होतंय. मग लॅपटॉप कशाला?

वाचायला, ऐकायला, बघायला मोबाइल उत्तम आहे. करायला अपुरा आहे. दोन पानांचा अर्ज मोबाइलवर लिहून बघा, एक हिशेबाचा तक्ता मांडून बघा. मोबाइल आपल्याला घेणारा बनवतो, कळफलक करणारा बनवतो. दोन्ही लागतात. पण घरात एकच घेणं शक्य असेल आणि लेकरू सातवीच्या आत असेल, तर घाई करू नका. पुस्तकं घ्या, उरलेले पैसे साठवा.

प्रश्न : महाज्योतीकडून मुलांना टॅब मोफत मिळतो. मोफत मिळालेल्या वस्तूला किंमत नसते, असं म्हणतात. खरं आहे का?

मला पटत नाही. पाठ्यपुस्तकं मोफतच मिळतात, त्यांची किंमत कमी झाली का? मोफत वस्तू वाया जाते ती तिच्या मागे कुणी उभं नसतं म्हणून. टॅब मिळालेल्या पाच-सहा मुलामुलींनी आठवड्यातून एकदा एकत्र बसावं. कुठं अडलं ते एकमेकांना सांगावं. त्याला तर इंटरनेटसुद्धा लागत नाही.

प्रश्न : आम्ही शाळा व्यवस्थापन समितीत आहोत. थोडा निधी आला आहे. एक मोठा डिजिटल फळा घ्यावा की काही लहान लॅपटॉप?

डिजिटल फळा गुरुजींच्या हातात राहतो, लॅपटॉप लेकरांच्या हातात जातो, हा मूळ फरक. शाळेत फळा आधीच असेल तर लॅपटॉप घ्या. आणि नवेच हवेत असा हट्ट धरू नका. कंपन्यांतून निघालेले, दुरुस्त केलेले जुने लॅपटॉप याच किमतीत मिळतात. जाड असतात, दिसायला जुने असतात, पण उघडता येतात आणि रॅम वाढवता येते. बॅटरी मात्र तपासून घ्या. एकूण निधीतला पाचवा हिस्सा दुरुस्तीसाठी राखून ठेवा, तो ठरावातच लिहा, नाहीतर दुसऱ्या वर्षी कपाट बंद झालंच समजा. आणि त्या कपाटाची किल्ली सहावी-सातवीच्या एखाद्या मुलीकडं द्या. हरवली तर दुसरी करता येते.